ढगाचं बूड

पांढरं कशाला म्हणायचं, हे आमच्या घरात मी ठरवते. एकतीस वर्षं लोकांच्या चादरी आणि कॉलरी पांढऱ्या करत आले. शाळा चौथीत सुटली, पण शर्टावरचा डाग बघून माणूस काय जेवला आणि घरी काय सांगून निघाला, ते मी सांगते. म्हणून आमची सूनबाई लाँड्रीच्या वरच्या खोलीत रंगांच्या बाटल्या मांडून बसली, तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, की बाई, खाली इस्त्रीच्या टेबलाला दोन हात कमी पडताहेत आणि वर तुझे दोन्ही हात ढग काढताहेत.

माझा लेक नंदीबैल. बायको बोलली की मान हलवतो, मी बोलले की मान हलवतो. दोघी एकदम बोललो की मानेला मलम चोळत बसतो. त्याच्याकडून निवाडा होणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही दोघींनीच पैज ठरवली. आमच्याकडे एका दातांच्या डॉक्टरांचे पांढरे कोट धुवायला येतात. त्यांना दवाखान्यात, पेशंट बसतात तिथल्या भिंतीवर मोठं चित्र हवं होतं. डोंगर, नदी आणि भरपूर आभाळ, म्हणजे घाबरलेल्याला जरा शांत वाटेल. त्यांनी चित्र भिंतीवर ठेवलं, तर सूनबाईनं रोज दुपारपर्यंत चित्रं काढायची आणि मी तोंड उघडायचं नाही. परत पाठवलं, तर ब्रश माळ्यावर आणि ही इस्त्रीला. तिनं तीन संधी मागितल्या. दिल्या. मी काही वाईट बाई नाही.

पहिलं चित्र दुसऱ्याच दिवशी परत आलं. डोंगर छान होता, नदी तर वाहत होती. पण आभाळात सात ढग, सातही गोल, सातही सारखे आणि धुतल्यासारखे पांढरेफेक. डॉक्टर म्हणाले, दाढ काढल्यावर आम्ही तोंडात जे कापसाचे बोळे कोंबतो ना, तेच वर टांगल्यासारखे दिसतात. पेशंट चित्राकडे बघतात आणि गाल धरतात. मी इतकी हसले की एका पँटला इस्त्रीच्या दोन-दोन घड्या पडल्या.

दुसऱ्या खेपेला तिनं स्पंज घेऊन सगळं पुसट केलं. तेही आलं परत. एका आजोबांनी म्हणे तिथल्या मुलीला विचारलं, कुठं काही जळतंय का?

तिसरं चित्र सोमवारी द्यायचं होतं. रविवारी मी गच्चीवर चादरी काढायला गेले, तर ही तिथंच फळी टेकवून बसलेली. डोळे सुजलेले, नाकाला निळा रंग. फळीवर डोंगर, नदी आणि वर काहीतरी पसरलेलं. मी टेबलाजवळ तिची जागा सकाळीच मोकळी करून ठेवली होती. म्हटलं, एक टोला घालावा म्हणजे काम उरकेल.

"याला ना शेंडा ना बुडखा," मी म्हटलं आणि ती रडायची वाट बघत उभी राहिले.

ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मग चित्राकडे, मग वर.

"आई, शेंडा कुठं असतो? आणि बुडखा?"

मला वाटलं, पोरगी कामातून गेली. आपण शिवी द्यावी आणि समोरच्यानं तिचा पत्ता विचारावा, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. मग मलाही चेव आला. वर बोट करून म्हटलं, ते बघ की, डोळे दिलेत ना देवानं? वरून कसे फुगलेत, आणि खाली सगळे एका रेघेत टेकलेत, बाकावर बसलेल्या जाड्या बायकांसारखे. प्रत्येकीचं बूड सपाट आणि बूड मळकं. लांबच्या बायका बारीक आणि एकमेकींना चिकटून. तुझे ढग उभे आहेत की बसलेत, हेच कळत नाही.

"मळकं म्हणजे कुठला रंग?"

आता पांढऱ्याबद्दल मला विचारल्यावर मी गप्प बसणार होते थोडीच. म्हटलं, पांढऱ्यात पांढरं ओतून पांढरं होत नसतं, बाई. मी चादरीला नीळ का घालते? ही दोरीवरची चादर बघ. उन्हाकडची बाजू पिवळसर, आतली घडी निळी-करडी. आणि तरी कुणालाही विचार, चादर पांढरीच म्हणेल. उन्हाकडची कड कशी सुरीसारखी दिसते, आणि सावलीतली कुठं संपते ते कळतसुद्धा नाही.

ती उठली आणि जिना उतरून माझी निळीची बाटलीच घेऊन आली. थोडी नीळ, थोडा तपकिरी, चिमूटभर पिवळा. ढगांची बुडं एका रेघेत बसवली, सावलीकडच्या कडा ओल्या फडक्यानं पुसल्या, शेंड्यांवर ऊन ठेवलं. मी चादरी काढत होते. एका चादरीला मला जरा जास्तच वेळ लागला.

रात्री जेवताना नंदीबैलानं पहिल्यांदाच मान न हलवता तोंड उघडलं. म्हणाला, आई, तूच शिकवलंस की तिला. मी म्हटलं, मी शिवी दिली होती. कुणी शिवीचा धडा केला तर मी काय करू?

सोमवारी ती कोटांचं गाठोडं आणि चित्र घेऊन गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. इस्त्री गरम केली आणि टेबलाच्या त्या मोकळ्या जागेवर मीच उभी राहिले.

पंधरा दिवसांनी माझी दाढ ठणकायला लागली. खरंच ठणकत होती, चित्र बघायला गेले असं कुणी म्हणू नये. दवाखान्यात समोरच ते लावलेलं. माझ्या शेजारची बाई त्याच्याकडे बघत बसली होती. जरा वेळानं तिनं फोन काढला आणि घरी सांगितलं, अगं, दोरीवरचे कपडे आत घे, भरून आल्यासारखं वाटतंय. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं.

एकतीस वर्षं मी कपडे वाळत घालतेय. आमच्या धंद्यात ढगाला याच्याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

पण नजर माझी. डावीकडून तिसऱ्या ढगाचं बूड एका बाजूला कललेलं होतं. ते तिला सांगायचंच, असं ठरवून मी दाढ काढून घेतली आणि बधिर जबड्यानं घरी आले. सूनबाई दारातच उभी. हाताला रंग, डोळ्यांत प्राण.

"आई, बघितलं?"

मी म्हटलं, वाकडं आहे. पण ओठ माझे नव्हते, तोंडात बोळा होता, आणि बाहेर पडलं ते "फाकडं आहे."

ती तिथंच मटकन खाली बसली आणि रडली. तीन चित्रांत एकदाही रडली नव्हती माझ्यासमोर. मग उठून नवऱ्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, कोट न्यायला आलेल्या माणसालाही सांगितलं, की सासूबाई फाकडं म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत माझी जीभ मोकळी झाली. म्हटलं, सांगावं. मग म्हटलं, दाढेची जागा दुखतेय अजून.