दोन पट्ट्या

पुतणी एकोणीस वर्षांनी थोरल्याच्या वाद्यांच्या दुकानात आली ती मॅन्डोलिन घेऊन. पूर्वी ती याच टेबलाखाली बसून रंध्याच्या छिलप्यांच्या बांगड्या करून घालायची. आता तिच्या केसांत एकदोन पांढरे दिसत होते.

"काका, एक खुंटी सैल झालीय, तार सारखी उतरते. तेवढी बघा," ती म्हणाली. मग पाठ केल्यासारखं घाईघाईने म्हणाली, "बाकी कशाला हात लावायचा नाही, असं बाबांनी सांगितलंय."

थोरल्याला हसू आलं आणि रागही आला. एकोणीस वर्षं अबोला, आणि पहिला निरोप धाडला तो हा!

लोकांचे भाऊ घरावरून भांडतात, जमिनीवरून भांडतात. हे दोघे भांडले ते नखाएवढ्या जाडीवरून. थोरला मॅन्डोलिनची वरची पाटी जाड ठेवायचा. वाद्य पन्नास वर्षं टिकलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. धाकटा तीच पाटी खरवडायचा, टिचकी मारून कान लावायचा आणि पुन्हा खरवडायचा. एक दिवस तो गिऱ्हाइकासमोरच बोलून गेला, "दादा, तू पेट्या बनवतोस, वाद्यं नाही." थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच गिऱ्हाइकासमोर त्याने परतफेड केली, "आणि तुझी वाद्यं दोन वर्षांत पोट धरून खाली बसतील!" गिऱ्हाईक हसलं. धाकटा हसला नाही. संध्याकाळी आपली हत्यारं घेऊन तो निघून गेला. आधी कोणी बोलायचं, यावर पुढची वर्षं गेली. दोघांचाही खाक्या एकच, मोडेन पण वाकणार नाही.

आता धाकट्याची डावी बाजू गेली होती. बनवलेलं सगळं विकलं गेलं होतं, स्वतःसाठी ठेवलेलं हे एकच मॅन्डोलिन उरलं होतं. रोज संध्याकाळी पुतणी खाटेशी बसून ते वाजवायची. दिवसभर छताकडे बघत पडलेला माणूस तेवढा अर्धा तास जिवंत व्हायचा, असं ती म्हणाली.

ती गेल्यावर थोरल्याने पाच मिनिटांत खुंटी घट्ट केली. तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याचे हात शिवशिवत होते. त्याने मॅन्डोलिनच्या पोटावर, म्हणजे वरच्या पाटीवर, स्टीलची पट्टी आडवी धरली. तारा पेलणाऱ्या घोडीखाली पोट आत गेलेलं! खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. मी म्हणालो नव्हतो? मग लगेच भावाची दया आली, आणि या दोन्हींचं मिळून जे झालं त्याला तो प्रेम समजला.

पेटीच्या झाकणात आतून एक कागद चिकटवला होता. धाकट्याचं अक्षर. दरवर्षीची तारीख, आणि पुढे पोट किती खाली गेलं त्याचं माप. सुरुवातीला आकडे वाढत गेलेले, पण शेवटच्या अकरा ओळींत एकच माप. दीड मिलिमीटर. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि लाकूड अकरा वर्षं तसूभरही हललं नव्हतं. हे नवशिक्यालाही कळलं असतं. थोरल्याने तो कागद दोनदा वाचला. मोजायचा कंटाळा केला असणार लेकाने, असं स्वतःशी म्हणून त्याने झाकण लावलं.

"खुंटी सांगितलीय ना? मग खुंटीच करा," बायको म्हणाली.

"अगं, वर्षभरात कोसळेल ते. भाऊ आहे माझा."

"भाऊ आहे म्हणूनच सांगतेय."

त्याने ऐकलं नाही. पातळ सुरी गरम करून, थेंब थेंब पाणी सोडत त्याने सरसाचा सांधा सोडवला आणि पाठ उघडली. ओलं फडकं ठेवून, आतून टेकू देऊन पोट हळूहळू वर उचललं, अगदी सपाट. त्याला धरून ठेवायला आतून दोन लाकडी पट्ट्या आडव्या बसवल्या. चार दिवस सरस वाळू दिला. मग लाखेच्या पॉलिशची पुरचुंडी घेऊन इतकं घासलं, की सांधा कुठे होता हे त्याचं त्यालाही सांगता येईना. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तारा चढवून त्याने छेडून पाहिलं. आवाज मोठा, स्वच्छ, खणखणीत. कानाला सवयीचा होता, म्हणून त्याला चांगला वाटला.

पोचवायला तो स्वतःच गेला. मनात सगळं ठरलेलं होतं. आधी ऐकू द्यायचं, मग सांगायचं, आणि मग धाकटा म्हणेल, दादा, तुझंच बरोबर होतं.

खोली लहान होती. खिडकीशी खाट, स्टुलावर औषधं, उशाला रेडिओ. धाकटा निम्मा झाला होता. त्याने उजवा हात पुढे केला आणि थोरल्याचा हात घट्ट धरला.

"आलास?"

"आलो रे."

एकोणीस वर्षं एवढ्यात फिटली. तेव्हाच तो घरी परतला असता तर किती बरं झालं असतं!

पुतणीने सूर जुळवले आणि वाजवायला घेतलं. धाकट्याने डोळे मिटले. चार स्वर झाले असतील नसतील, त्याने डोळे उघडले. मुलीच्या हातांकडे बघितलं, वाद्याकडे बघितलं. त्याला एकेक शब्द शोधून आणावा लागत होता.

"हे... दादाचं आहे. माझं कुठंय?"

"बाबा, हेच आपलं!" ती हसली. मग तिने तीच तार पुन्हा छेडली, कान दिला, आणि तिचं हसू गेलं.

"पोट खचलं होतं रे," थोरला म्हणाला. "आतून दोन पट्ट्या लावल्यात. आता काही होत नाही त्याला."

"खचलं नव्हतं. बसलं होतं. बसल्यावरच... आवाज आला."

"काढतो. आत्ता नेतो आणि काढतो."

धाकट्याने नकारार्थी मान हलवली. दोघांनीही जन्म लाकडात काढलेला. पाणी पाजून उचललेलं लाकूड पुन्हा त्याच जागी बसत नाही, हे कोणी कोणाला सांगायचं?

"चुकलं माझं," थोरला म्हणाला. हे दोन शब्द तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता. "कागद वाचला होता मी. वाचूनसुद्धा केलं."

धाकट्याने धरलेला हात हळूच दाबला.

"असू दे, दादा. मजबूत झालं."

हेच ऐकायला थोरला एकोणीस वर्षं तरसला होता. आता त्याला वर बघवेना.

"पुढचं वाजवू का, बाबा?" पुतणीने विचारलं.

"नको गं. रेडिओ लाव."

तिने मॅन्डोलिन पेटीत ठेवलं आणि रेडिओ लावला. बातम्या चालू होत्या. धाकटा पुन्हा छताकडे बघायला लागला. भावाचा हात त्याने सोडला नव्हता, आणि थोरल्याला तो सोडवून घेववेना.