बसायला गेलेली माणसं

मालविकाला त्या फेसबुक ग्रुपवर घेताना रामलिंगनं बरेच आढेवेढे घेतले होते. रामलिंग उदगीरचा, औषधांचा एजंट, आणि ‘सांजवेळ लातूर’ हा ग्रुप त्यानंच काढलेला. कुठं बसायचं, कोण येणार, कुठला चकणा बरा, अशा गप्पा तिथं चालत. निम्मे लोक टोपणनावानं वावरत, कारण बहुतेक जण कोचिंग क्लासचे मास्तर होते. लातुरात क्लास जोरात चालले होते; एखादा सर बारमध्ये दिसला असं पालकांच्या कानावर गेलं की वर्ग रिकामा व्हायला वेळ लागत नसे.

“मॅडम, तुम्ही कोण्या क्लासच्या तर न्हाई ना?” रामलिंगनं फोनवर विचारलं होतं.

ती नांदेडच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. चारचौघांत बसून पिण्याच्या सवयीवर पीएच.डी. करत होती. समोर बसवून विचारलं की माणसं खोटं बोलतात किंवा उठून जातात, म्हणून तिनं हा मार्ग धरला होता. शेवटी रामलिंग तयार झाला, पण अट घालून. ग्रुपवर सांगायचं की नांदेडच्या एक प्राध्यापिका प्रश्न विचारणार आहेत. कुणाचं खरं नाव शोधायचं नाही, कुणाच्या मागावर जायचं नाही. तिनं कबूल केलं.

तरी सगळे बिचकूनच होते. कुणी तिला पोलिसांची खबरी म्हणालं, कुणी दुसऱ्या क्लासची हेर. मोकळेपणानं लिहिणारा एकच निघाला, ‘गच्चीवाला’ नावाचा. पहिला पेग कोण भरतो, नाही म्हणणाऱ्याला कसं चिडवतात, नव्या मास्तरची पारख कशी होते, हे सगळं तो इतकं नेमकं लिहायचा की मालविका खूश होती. मग एके दिवशी त्यानं लिहिलं, ‘घरी ठाऊक नाही. बायकोला वाटतं डाउट सेशन चालू आहे.’

मालविकाचा चहा तसाच निवला.

तिचा नवरा अंबरीश लातुरात फिजिक्स शिकवायचा. आठवडाभर तिकडं, शनिवारी नांदेडला. संध्याकाळी फोन लागला नाही की त्याचं उत्तर ठरलेलं असे, “डाउट सेशन होतं.” दारूला शिवत नाही, असं त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं.

मुलांच्या शंका सोडवायला डाउट सेशन तर सगळेच मास्तर घेतात, अशी तिनं स्वतःची समजूत काढली. पण त्या शनिवारी त्याचे शर्ट धुवायला टाकण्याआधी तिनं हुंगून पाहिले. कशाचाच वास नव्हता. त्यानंही समाधान झालं नाही. काळजी घेऊन आलेल्या माणसाच्या शर्टाला वास कसा येईल?

पुढं तिचे प्रश्न बदलले. अभ्यासाच्या नावाखाली ती त्या एकालाच खोदून विचारू लागली. बायको काय करते? ‘शिकवते.’ तिला सांगत का नाही? ‘ती विचारते तेव्हा तिचं उत्तर ठरलेलं असतं.’ हे वाचून ती दुखावली आणि घाबरलीही. हा माणूस अंबरीश असेल, तर प्रश्न कोण विचारतंय हे त्याला कळत नसेल का? की कळूनच तो मजा बघतोय?

नेहमी कुठं बसता, असं तिनं विचारलं. औसा रोडवरच्या एका बारचं नाव आलं.

कॉलेजात रजा टाकून ती अहमदपूरमार्गे एसटीनं लातूरला गेली. संध्याकाळी त्या बारच्या फॅमिली रूममध्ये एकटीच बसली. वेटरनं दोनदा विचारलं, “साहेब येणार हाईत का?” पडद्याच्या फटीतून पलीकडचा हॉल दिसत होता. कोपऱ्यातल्या टेबलावर चार मास्तर हसत होते, आणि त्यांत अंबरीश होता. हातात तपकिरी ग्लास. इतका मोकळा हसताना तिनं त्याला घरी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला सगळ्यात जास्त तेच लागलं.

ती उठून टेबलापाशी गेली. हसणं थांबलं. तिनं त्याचा ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. कोल्ड्रिंक होतं, सोडा घालून पातळ केलेलं.

“वहिनी, बसा ना,” केमिस्ट्रीचा व्यंकट चाचरत म्हणाला.

अंबरीश तिला बाहेर घेऊन आला. रस्त्याच्या कडेला मोटारसायकली लावलेल्या होत्या, तिथं दोघं उभे राहिले.

“मला पहिल्या प्रश्नालाच कळलं होतं, तूच आहेस म्हणून,” तो म्हणाला.

“मग गप्प का राहिलात?”

“तिथं तू ऐकून घेत होतीस.”

मग त्यानं वडिलांचा विषय काढला, “भूकंपाच्या वेळी दादा कामासाठी लातूरला होते, असं मी तुला सांगितलंय. काम नव्हतं. गणपती बुडवून दोस्तांबरोबर प्यायला बसले होते. झेपली नाही म्हणून इथंच राहिले, आणि वाचले. मी मुरुडला मावशीकडं होतो. आई अन् चंद्रप्रभाताई गावाकडच्या घरात होत्या.”

मालविकाला सासूचे आणि नणंदेचे हार घातलेले फोटो माहीत होते. दादांच्या पिण्याचं काही माहीत नव्हतं.

“दादांनी दारू सोडली. पण माणसंही सोडली. आमच्या पत्र्याच्या घरात पुन्हा कुणी आलं नाही, ते कुणाकडं गेले नाहीत. मी तसाच वाढलो. मला दारू नको होती मालविका, चार माणसं हवी होती. अन् इथं ग्लास हातात नसला तर कुणी जवळ बसू देत नाही. यांनाही ठाऊक नाही यात काय असतं. वेटर तेवढा सांभाळून घेतो.”

“मला सांगायचं होतं.”

“बारमध्ये बसतो पण पीत नाही, असं सांगितलं असतं, तर खरं मानलं असतंस?”

तिनं प्रामाणिकपणे विचार केला आणि मान हलवली. नसतं मानलं.

नांदेडला परतल्यावर तिनं रामलिंगला फोन करून झालेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, तुमच्यावर लई लोकांनी शक घेतला, मी तुमच्या बाजूनं भांडलो. आता काय तोंड दाखवू?” त्यानं तिला ग्रुपमधून काढलं. मार्गदर्शकांनी त्या ग्रुपवरची सगळी उत्तरं प्रबंधातून वगळायला लावली, गच्चीवाल्याची आधी. सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं, पण तिनं वाद घातला नाही. नवे लोक शोधायला ती हिमायतनगरकडं जाऊ लागली.

अंबरीश आता बारमधूनच फोनवर सरळ सांगतो, “बसायला आलोय.”

“बरं,” ती म्हणते. तिला त्याचं खरं वाटतं, बहुतेक दिवस वाटतं. पण एका संध्याकाळचा एक घोट म्हणजे सगळ्या संध्याकाळी नव्हेत, हे अभ्यास करणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. तो फोन ठेवेपर्यंत ती त्याची जीभ जड पडतेय का, हे कान देऊन ऐकत राहते. आणि ती ऐकतेय हे ओळखून तो अलीकडं जरा जास्तच स्पष्ट बोलतो.