लांबच्या रस्त्याचं ऑइल

“आधी पुसायची. मग परत आत घालायची, पुरती टेकेपर्यंत, आणि मगच बघायचं. पहिल्यांदा दिसतं ते धरायचं नाही.” – आठवणीतला बाबांचा आवाज, तीस वर्षं बस चालवून खरखरीत झालेला, आणि तिच्या हातात इंजिनातलं तेल मोजायची ती पट्टी: हातभर लांब, बोटाएवढीही रुंद नाही, टोकाशी दोन खाचा. खालची खाच म्हणजे कमी, वरची म्हणजे पुरे. उशीच्या जुन्या अभ्र्याने तिने ती पुसली, परत घातली, काढली. तेल वरच्या खाचेच्याही वर गेलेलं, चांगलं नखभर. शिवणकाम करणारीचा डोळा, नखभर फरक त्याला चुकत नाही. काळं तर होतंच. डिझेल गाडीचं तेल चार दिवसांत काळं होतं, त्याने घाबरायचं नसतं, हे तिला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत. पण वाढलेलं? इंजिन तेल पितं हे ऐकलं होतं. इंजिनाला तेलाचा पान्हा फुटतो, हे बाबांनीही कधी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा पुसलं. तिसऱ्यांदाही तेवढंच. नाकाशी धरलं तर तेलाचा वास कमी आणि डिझेलचाच जास्त... मनात पाल चुकचुकली.

मिस्त्री. दुसरं कोण? आठ महिन्यांपूर्वी त्यानेच तेल बदललं – म्हणजे बदललं असं सांगितलं. जुनं तसंच ठेवून वरून नवं ओतलं असणार, बाईमाणसाला काय कळतंय म्हणून. साप म्हणून भुई धोपटायची आपली खोड वाईट, हे तिला कळत होतं. रोज सकाळी ती देवापाशी तेच मागायची – आज कोणाबद्दल वाईट मनात येऊ देऊ नकोस. पण मागितल्याने मन थोडंच ऐकतं. मन म्हणजे शिवणयंत्र, पाय टेकला की टाके पडायला लागले... आणि मग हेही आठवलं की तेल बदलायचं झालंय हे ती महिनाभर नवऱ्याला सांगत होती, आणि तो महिनाभर म्हणत होता, “बघू गं पुढच्या आठवड्यात.” का बघू? गाडी त्याची लाडकी. पुढच्या काचेवर पक्षी बसला तर फडकं घेऊन धावणारा माणूस. शेवटी आज, बुधवारी, तो चालत कचेरीत गेल्यावर – नकाशे काढायची कचेरी, दहा मिनिटांवर – तिनेच किल्ली उचलली. उद्या गुरुवार. उद्या त्याची सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी तो वृद्धाश्रमात अक्काकडे जातो. सत्तर किलोमीटर तिकडे, सत्तर इकडे. एवढ्या रस्त्याला गाडी धड हवी.

ऑइलच्या दुकानात गल्ल्यामागचा माणूस तिच्याकडे न बघताच म्हणाला, “डिझेल ना काकू? मग हे घ्या. घट्ट. डोळे मिटून न्या.”

डोळे मिटून न्या म्हणणाऱ्यासमोर डोळे जरा जास्तच उघडावेत. डब्यावरचं सील, झाकणाची कड, तळाची तारीख, सगळं तिने पाहिलं. मग घट्टपणाचा आकडा पाहिला आणि एकदम विरघळली. बाबांच्या बसला हेच लागायचं. हाच आकडा, अंगणात रिकामे डबे ओळीने उपडे असायचे आणि ती त्यांच्यावर बसून पाढे म्हणायची. दुकानदारावर नव्हे, त्या डब्यांवर विश्वास ठेवून तिने ते घेतलं.

“हे कोणी गळ्यात मारलं?” मिस्त्रीने डबा उचलून विचारलं.

“का? डिझेलचंच आहे.”

“ट्रकचं आहे, ताई. जुन्या इंजिनाचं. तुमच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आहे. हे ऑइल जळलं की राख सोडतं, फिल्टर चोंदतो. आजोबांचं औषध नातवाला पाजलं तर नातू उठेल का? सील फोडलं नाहीत ना? मग परत देऊन टाका.”

म्हणजे आता हा आपलं खपवणार. ती मनाशी हसली, आणि नेहमीच्या हळू आवाजात – ह्या आवाजामुळेच लोकांना ती साधी वाटते – म्हणाली, “ते राहू द्या. ऑइल वाढलंय कसं, ते सांगा. मागच्या वेळी जुनं काढलंच नव्हतंत ना?”

मिस्त्री हात पुसता पुसता थांबला. मग मोठ्याने हसला. “तुम्हीच ह्या स्टुलावर बसला होतात, ताई. खाली घमेलं भरलं तेव्हा म्हणालात, ‘अगं बाई, एवढं निघालं!’ आठवतंय?”

आठवलं. स्टूल, घमेलं, घमेल्यात उलटा दिसणारा छपराचा पत्रा, सगळं आठवलं. मग?

त्याने पट्टी काढली, वास घेतला, दोन बोटांत तेल चोळलं. “डिझेल उतरलंय ह्यात. ही गाडी तापली की फिल्टरमधली काजळी आपणच जाळते. जाळायला जादा डिझेल घेते. त्याला सलग अर्धा तास तरी मोकळा रस्ता लागतो. मध्येच बंद केलीत, की ते डिझेल खाली झिरपतं आणि ऑइल वाढतं. गाडी लांब जातच नाही का?”

“जाते की. दर गुरुवारी.”

त्याने बॉनेटच्या आत टांगलेलं मागचं कार्ड पाहिलं, मग दार उघडून वाकून किलोमीटरचा आकडा पाहिला. “आठ महिन्यांत बाराशे दहा.”

तिला मोजायचं नव्हतं. पण आकडे तिच्यापुढे आपले आपण उभे राहतात. बाह्या, छाती, उंची, तसेच. एकशे चाळीस एका गुरुवारचे. आठ गुरुवार, म्हणजे दोन महिने, अकराशे वीस. आणि उरलेले सहा महिने मिळून नव्वद.

“गाडी चालू ठेवून कोणी नुसतं बसतं का, ताई? तासन्‌तास? त्यानेही होतं असं.”

कुठेतरी पाणी मुरतंय हे सकाळपासून ठाऊक होतं. ते आपल्याच घराच्या भिंतीत असेल, असं नव्हतं वाटलं.

मिस्त्रीने फळीवरून दोन डबे काढले. “फिल्टरला दोन्ही चालतात, गाडीच्या पुस्तकातही दोन्ही आहेत. हे पातळ. जवळच फिरते, सारखी थंडच सुरू होते, त्या गाडीला. हे जरासं घट्ट, सलग रस्त्यावर तापणारीला. जवळचं वापरणार असाल तर सहा महिन्यांच्या आत परत या, लांबचं असेल तर वर्षाने. काय लिहू कार्डावर? लांब की जवळ?”

एवढा साधा प्रश्न. पण ‘जवळ’ म्हणायचं, म्हणजे ह्या परक्या माणसासमोर, ग्रीसने माखलेल्या त्याच्या पेनाने, कार्डावर लिहून द्यायचं की माझा नवरा माझ्याशी खोटं बोलतो. आणि ‘लांब’ म्हणायचं, म्हणजे... मी कोणावर विश्वास ठेवू? पट्टीवर? की सव्वीस वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसावर?

“लांब,” ती म्हणाली.

“लांब?” त्याची नजर आकड्याकडे गेली आणि शहाण्यासारखी परत आली. “तुमची गाडी, तुमचा रस्ता. पण मग खरंच न्या हं. मला काय, मी लिहिलं लांब. महिन्याभरात पट्टी चुगली करेल.”

संध्याकाळी नवरा आला आणि बूट काढायच्या आधी म्हणाला, “मिस्त्री काय म्हणाला?”

गाडी नेली होती हे तिने सांगितलंच नव्हतं. बॉनेटवर तिच्या तळव्याचा ठसा असेल. तो दिसला असणार. चोराच्या मनात चांदणं.

“काय म्हणणार? ठीक आहे म्हणाला.”

“पट्टी बघितलीस?”

“बघितली. काळं होतं. डिझेलचं असतंच.”

“असतंच, असतंच,” तो म्हणाला, आणि त्याचे खांदे इतके खाली आले की तिला ते बघवेना. खोटं बोलायचं नाही, हाही तिचा एक नेम होता. आज तो मोडला, आणि मोडताना आवाजही झाला नाही.

“उद्या जाणार ना?”

“हो तर. जायलाच हवं.” हे तो फरशीकडे बघून म्हणाला.

ती आत जाऊन उद्याचा, अक्कासाठीचा जेवणाचा डबा काढून ठेवू लागली. बाई असेल का दुसरी? ह्यांना? – तिला हसूच आलं. मोजे जोडीने शोधता येत नाहीत त्या माणसाला. आजार असेल, लपवत असेल. नोकरीतलं काही? गाडी चालू ठेवून, काचा वर करून, कुठल्या तरी भिंतीशी बसलेला... तिने डबा उघडला, तो हुंगला. आणि हात थांबला. सुरुवातीला डबा परत यायचा तेव्हा त्याला वृद्धाश्रमातल्या साबणाचा वास यायचा, फिनेलसारखा, दोनदा धुतला तरी जात नसे. ती कुरकुर करायची. ती कुरकुर कधी थांबली? सहा महिने तरी झाले. सहा महिने डब्याला नुसत्या पाण्याचा वास होता. म्हणजे तिला हे माहीत होतं. नाकाला माहीत होतं. तिने विचारलं मात्र नाही – कारण विचारायची सोयच कुठे होती? उठल्यापासून प्रार्थना होईपर्यंत तिचं मौन, सतरा वर्षं अखंड, साडेआठला सुटणारं. आणि तो गुरुवारी आठला निघायचा. “निघतो गं, अक्काकडे.” ती मान हलवायची, डबा द्यायची. परत आला की “कशी आहे अक्का?” “आहे तशीच.” झालं. अक्काला फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा फोनचाही प्रश्न नाही. त्याला खोटं बोलायला इतकी स्वच्छ, झाडलेली-पुसलेली जागा कोणी करून दिली?

आणि अक्का. त्याची मोठी बहीण, आई गेल्यावर त्याला वाढवणारी. त्याच अक्काने एकदा बांगडीवरून तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता, सगळ्यांसमोर, ‘कपाट कोणी उघडलं ते मला माहीत आहे’ म्हणून. बांगडी चौथ्या दिवशी अक्काच्याच पेटीत सापडली. आळ मात्र कोणी परत घेतला नाही, आणि तिनेही तो नीट घडी करून जपला. आठ महिन्यांपूर्वी आश्रमात सोडायला गेले त्या दिवशी अक्काने तिचा हात धरला होता – भावाचा नव्हे, तिचा. म्हणाली होती, “डबे नकोत मला. तू येत जा. येशील?” आणि ती म्हणाली होती, “येईन. दर आठवड्याला येईन.” वचन मी दिलं आणि पाळायला ह्यांना पाठवलं. उंटावरून शेळ्या हाकल्या. तिकडे अक्का काय विचारत असेल दर वेळी? ‘ती नाही आली?’ – आणि तो, ज्याला धड थापही मारता येत नाही, तो दारात उभा राहून काय सांगत असेल? आठ गुरुवार सांगितलं असेल काहीतरी. मग नसेल सांगवलं, आणि जाणंच सोडलं असेल.

की हेही तिचंच शिवलेलं? कापड त्याचं, टाके तिचे. कोण जाणे.

सकाळी आठला तो बूट घालून दारात उभा राहिला. “निघतो गं.” ह्या वेळी ‘अक्काकडे’ म्हणाला नाही, किंवा म्हणाला आणि तिला ऐकू आलं नाही. त्याने डब्यासाठी हात पुढे केला. तिने डबा दिला नाही. पदर खोचला, चपला घातल्या, दाराला कडी लावली आणि त्याच्या पुढून जाऊन गाडीत त्याच्या शेजारच्या जागेवर बसली. डबा मांडीवर.

तो बराच वेळ बाहेरच उभा होता. मग बसला. किल्ली लावली, फिरवली नाही. “तू... येतेस?” मौन होतं, तिने नुसतं समोर बघितलं. बाजूला न बघताही तिला जाणवत होतं की त्याच्या कपाळावर घाम आलाय, की तो काहीतरी बोलायला तोंड उघडतोय आणि मिटतोय. आणि आश्चर्य म्हणजे, ते काय असेल हे ओढून काढायला मनाचं यंत्र सुरू झालं नाही. पाय टेकलेलाच नव्हता. इंजिन घरघरलं, गाडी फाटकाबाहेर पडली. डावीकडे पुलाचा, अक्काकडे जाणारा रस्ता, उजवीकडे बाकीचं सगळं. तिने डोळे मिटून घेतले – विश्वासाने म्हणावं, तर तसंही नाही.

आज साडेआठ रस्त्यातच वाजणार होते. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिचं मौन घराबाहेर सुटणार होतं, आणि त्यानंतरचा पहिला शब्द शोधत ती बसली होती... त्याला विचारायचा नव्हे. अक्काला काय म्हणायचं, तो.