भेट समितीचे प्रमुख आजारी पडतात

प्रताप तायडे यांचा आवाज जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बसला. सगळ्यांनी ते थंडीवर ढकललं. फेब्रुवारीत थंडी गेली, आवाज आला नाही. मार्चच्या सुरुवातीला डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून घशात पाहिलं. डाव्या स्वरतंतूवर एक पांढरट चट्टा होता. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, असं ते म्हणाले. तुकडा सोमवारी निघाला. अहवाल यायला दहा-बारा दिवस लागणार होते, आणि बोलणं दोन आठवडे बंद.

"फुसफुसाना भी नहीं," डॉक्टरांनी बजावलं. "गाना तो बिलकुल नहीं."

"और प्रार्थना?" सरलाबाईंनी विचारलं. नवऱ्याच्या वतीने आता त्याच बोलत होत्या.

"मन में कीजिए. उसमें गला नहीं लगता."

प्रतापरावांनी मान हलवली. हे सगळ्यांत सोपं आहे, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

तायडे मूळचे अमरावतीकडचे. नव्या रायपुरात एका सरकारी कार्यालयात अनुभाग अधिकारी. पण शहरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत त्यांना कोणी त्या पदाने ओळखत नसे. दर रविवारी सकाळची हिंदी उपासना आटोपली की दुपारी चार वाजता त्याच चर्चमध्ये चाळीसेक मराठी कुटुंबं जमत. त्या मंडळीच्या भेट समितीचे तायडे बावीस वर्षं प्रमुख होते. कोणी आजारी पडलं, कोणाची बदली झाली, कोणाचं माणूस गेलं, की समिती घरी जाई. प्रमुखांनी तिला नियम घालून दिले होते. भेट पंधरा मिनिटांची. चहा नाही. रोगाचं नाव घ्यायचं नाही, डॉक्टर काय म्हणाले ते विचारायचं नाही, कारण त्याने भीती वाढते आणि भीतीने विश्वास घटतो. एक सांत्वन सांगायचं, प्रार्थना करायची, निघायचं.

सांत्वनंही त्यांनीच तयार केली होती. एकूण चौदा होती आणि समितीला पाठ होती. लांबलेल्या आजारासाठी: "सोनं भट्टीत जातं, गोवरी चुलीत जाते, आपण कोण ते आपण ओळखावं." परीक्षेत नापास झालेल्यांसाठी वेगळं, मूलबाळ नसलेल्यांसाठी वेगळं. प्रत्येक भेटीनंतर ते एका वहीत नोंद करत. शेवटच्या रकान्यात एकच शब्द असे: समाधान. बावीस वर्षांत दुसरा शब्द लिहायची वेळ आली नव्हती.

मंगळवारी सकाळी समिती तायड्यांच्या घरी आली.

सगळ्यांत पुढे यशवंतराव पाटोळे होते. मंडळीचे वडील म्हणजे ज्येष्ठ पदाधिकारी, रेल्वेतून निवृत्त, बोलणं फलाटावर उभं राहून केल्यासारखं. खुर्चीत बसले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "प्रतापभाऊ, सोनं भट्टीत जातं, गोवरी चुलीत जाते. आपण कोण ते आपण ओळखावं."

प्रतापरावांनी हात जोडले.

संध्याकाळी आणखी दोन कुटुंबं आली. दोन्हींनी सोनं आणलं. बुधवारी चार वेळा. गुरुवारी एक बाई परीक्षेचं सांत्वन सांगून गेल्या. प्रतापरावांना त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं. त्यांची मुलगी रीना कॉलेजात शिकवत होती. तिला मराठी पूर्ण कळे, पण ती उत्तरं हिंदीतच देई.

"पापा, सोना सात बार हो गया," ती दार लावत म्हणाली. "अब तो आप बिस्किट बन गए होंगे."

"गप वं पोट्टी," सरलाबाई म्हणाल्या. पण त्यांनाही हसू आलं.

प्रतापरावांना हसू येत नव्हतं. चट्ट्याचं काय निघेल, हे त्यांना कोणाशी तरी बोलायचं होतं. बोलता येत नव्हतं म्हणून रीनाने एक पाटी आणून दिली होती. गुरुवारी यशवंतराव पुन्हा आले तेव्हा प्रतापरावांनी पाटीवर लिहिलं: "तुम्हाले काय वाटते, कॅन्सर निघंल का?"

यशवंतरावांनी ती वाचली आणि दाराकडे पाहिलं, जणू कोणीतरी बाहेरून ऐकत होतं. मग स्वतःच्या रुमालाने पाटी पुसली.

"भाऊ, काहून असं करून राहिले? नियम तुमचाच आहे न. नाव घ्यायचं नाही."

पंधरा मिनिटं झाली होती. ते उठले.

दुसरी अडचण जास्त मोठी होती, आणि ती पाटीवरही लिहिता येत नव्हती. मनातल्या मनात प्रार्थना करणं प्रतापरावांना जमत नव्हतं. त्यांची प्रार्थना मंडळीत प्रसिद्ध होती. ती सरासरी अकरा मिनिटं चाले, तिला चढउतार असत, आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मागच्या बाकांवरचं कोणीतरी हमखास डोळे पुसे. आता पहाटे ते पलंगावर उठून बसत, डोळे मिटत, आणि दुसऱ्या वाक्यानंतर गाडी थांबे. कार्यालयातली एक अडलेली फाइल आठवे. स्कूटरचा विमा आठवे. मग चट्टा आठवे आणि त्याच्यापुढे काहीच आठवत नसे. बावीस वर्षं देव ऐकतो अशी त्यांची समजूत होती. आपली प्रार्थना सगळ्यांत जास्त लक्ष देऊन ऐकणारा माणूस आपण स्वतःच होतो की काय, असं त्यांना शुक्रवारी पहाटे पहिल्यांदा वाटलं. मंडळीतल्या दुसऱ्या कोणी हे त्यांना सांगितलं असतं, तर त्यांच्याकडे त्यासाठी सांत्वन होतं. पाचव्या क्रमांकाचं. त्यांनी ते स्वतःला सांगून पाहिलं. काही झालं नाही.

शुक्रवारी दुपारी लता शिरसाट आल्या. त्या भनपुरीला राहत. त्यांचा नवरा तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुनीम होता, चार वर्षांपूर्वी वारला. लताताई समितीत नव्हत्या. दोन ऑटो बदलून डब्यात पातळ खिचडी घेऊन आल्या होत्या. डबा सरलाबाईंना दिला आणि पलंगासमोरच्या खुर्चीत बसल्या.

पंधरा मिनिटं झाली. त्या काहीच बोलल्या नाहीत. वीस झाली. प्रतापरावांनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं.

"भेव वाटते का, भाऊ?" लताताईंनी विचारलं.

प्रतापरावांनी लिहिलं: "देवावर विश्वास आहे."

"ते नाही विचारलं मी. भेव वाटते का?"

त्यांनी आधीचं पुसलं. मग लिहिलं, "हो." आणि लगेच पुसलं.

"मले वाटलंच," लताताई म्हणाल्या. "तुमचं तोंड कसं झालं आहे, आरशात पाहा. इतके लोक येऊन गेले, कोणी विचारलं नाही?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"कसे विचारतील बापा! तुमचाच शिकवलेला धडा." लताताईंनी पदर सारखा केला. "माझे मालक गेले तेव्हा तुम्ही काय म्हणाले होते, याद आहे?"

प्रतापरावांना आठवत नव्हतं. एवढ्या भेटींमध्ये एक कशी आठवणार? पण कोणतं सांत्वन असेल, हे त्यांना माहीत होतं. गोदामात काम करणाऱ्याच्या विधवेसाठी त्यांनी त्यात मुद्दाम थोडा फेरफार केला होता, आणि तो त्यांना तेव्हा फार आवडला होता.

"म्हणाले, मालकाचा माल मालकाच्या गोदामात पोचला. आपण फक्त ने-आण करणारे." लताताई शांतपणे बोलत होत्या. "माझा नवरा म्हणजे काय सिमेंटची बोरी होता? तुम्ही प्रार्थना करून निघून गेले. मी सहा महिने चर्चमध्ये पाय नाही टाकला."

सरलाबाई दारात पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या.

प्रतापराव उठले, कपाटातून भेटवही काढली आणि चार वर्षांपूर्वीचं पान शोधलं. लता शिरसाट, भनपुरी. पतिनिधन. समाधान. त्या सहा महिन्यांत बाकावर त्यांची जागा रिकामी असे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण भनपुरीहून रविवारी ऑटो मिळत नसतील, असा त्यांनी निष्कर्ष काढला होता.

पाटीवर त्यांनी लिहिलं: "मग परत काहून आल्या?"

"भांडाले," लताताई म्हणाल्या. "घरी बसून कोणाशी भांडू? भिंतीशी? ज्यानं नेलं त्याच्याशी भांडाले त्याच्याच घरी जावं लागते न. दर रविवारी येते, मागच्या बाकावर बसते, तुम्ही समोर प्रार्थना करता, मी मागं भांडण करते. अजून मिटलं नाही."

"चार साल से?" दारामागून रीनाने विचारलं.

"हव. सोडून गेले असते तर केव्हाच मिटलं असतं."

त्या तासभर बसल्या. उरलेल्या वेळात खिचडीत हिंग जास्त झाला का, आणि अभनपूर गावच्या बाजारात लसूण काय भावाने निघाला, एवढंच बोलणं झालं. जाताना त्यांनी प्रार्थना केली नाही. प्रतापरावांना ते दार लावल्यावर लक्षात आलं.

पुढच्या शुक्रवारी अहवाल आला. डॉक्टरांनी नाव घेतलं. कर्करोग होता, सुरुवातीचा. सहा आठवडे किरणोपचार, शनिवार-रविवार सोडून रोज. बहुतेक लोक बरे होतात, आवाजही येतो, पण पूर्वीसारखा येईलच असं नाही.

"गारंटी मैं किसी को नहीं देता," ते म्हणाले.

प्रतापरावांना वाटलं, हा माणूस भेट समितीत कधीच टिकला नसता.

बातमी यशवंतरावांपर्यंत संध्याकाळी पोचली. त्यांनी सरलाबाईंना फोन केला. "सुरुवातीचाच आहे म्हणजे विजयच झाला न वहिनी! रविवारी भाऊंची साक्ष ठेवू. बोलायचं नाही त्यांनी, लिहून द्यावं. मी वाचतो."

साक्षीचा साचा मंडळीत ठरलेला होता. आधी संकट, मग प्रार्थना, मग सुटका, शेवटी धन्यवाद. सुटका झाल्याशिवाय कोणी साक्षीला उभं राहत नसे. मधल्या काळात माणूस साधारणपणे मागच्या बाकांवर सापडे. प्रतापरावांनी शनिवारचा दिवस एका कागदावर घालवला. चार वेळा फाडला. सरलाबाईंनी पाचवा वाचला आणि म्हणाल्या, "अहो, हे यशवंतराव वाचतील का?" प्रतापरावांनी खांदे उडवले.

रविवारी चर्च भरलं होतं. दोन-तीन नवी कुटुंबंही आली होती, सरकारी नोकरीत बदलून आलेली. यशवंतरावांनी प्रतापरावांना समोर बोलावलं, शेजारी उभं केलं, कागद उघडला, चष्मा लावला आणि स्वतःशी वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा, गाडी रद्द झाल्याची सूचना हातात पडावी तसा झाला. मग त्यांनी माइक जवळ घेतला.

"प्रतापभाऊ लिहितात," ते म्हणाले, "की अहवाल आला. अगदी सुरुवातीचं आहे, देवाचा गौरव असो! भाऊ लिहितात की त्यांच्या मनात भीतीला जागा नाही..."

प्रतापरावांनी जोरात मान हलवली. नाही.

लोकांना तो विनय वाटला. कोणीतरी "हालेलुया" म्हणालं.

त्यांनी आणखी जोरात मान हलवली आणि कागदाकडे बोट दाखवलं. आता सात-आठ जण म्हणाले. पेटीवाल्याने सूर धरला. बावीस वर्षांत प्रतापरावांच्या बोलण्याला इतका प्रतिसाद कधी मिळाला नव्हता.

मागच्या बाकावरून लताताई उठल्या. "काकाजी, कागदावर आहे तेच वाचा न."

"ताई, तेच वाचून राहिलो."

"नाही वाचून राहिले. भाऊ मुंडी कशी हलवून राहिले, दिसत नाही का?"

यशवंतराव माइकवर हात ठेवून म्हणाले, पण माइकने ते तरीही सगळ्यांना ऐकवलं, "नवीन माणसं बसली आहेत ताई."

"नवीन माणसाले रोग होत नाही का?"

पेटी थांबली. यशवंतरावांनी प्रतापरावांकडे पाहिलं. प्रतापरावांनी हात जोडले. मग यशवंतरावांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि एकेक शब्द सुटा सुटा वाचला.

"मला कर्करोग आहे. बरा होईन की नाही, माहीत नाही. मला भीती वाटते. बारा दिवस मला प्रार्थना करता आली नाही. मी नेहमी सुंदर प्रार्थना करत होतो, म्हणून मला ती येते असं समजत होतो. लताताईंच्या घरी मी जे बोललो ते चूक होतं. आणखी कितीजणांच्या घरी चूक बोललो, ते वहीत नाही. मी देवाला सोडलेलं नाही. दुसरं कुठं जावं हे मला सुचतही नाही, आणि सध्या माझा विश्वास एवढाच आहे. घरी या. सोन्याचं सांगू नका. बसा."

हालेलुया कुठे म्हणायचं, याची या कागदात सोय नव्हती. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ रुमाल शोधू लागले. मागच्या पावसाळ्यात त्यांना समितीने सातवं सांत्वन दिलं होतं. नव्या कुटुंबातल्या बाईंनी नवऱ्याचा हात धरला.

साक्षीनंतर प्रार्थना असे, आणि ती प्रतापराव करत. यशवंतरावांनी कार्यक्रमपत्रिका पाहिली. तिच्यावर प्रतापरावांचंच नाव होतं. थोडा विचार करून ते म्हणाले, "प्रतापभाऊंच्या पुढारपणात आपण सगळे मूक प्रार्थना करू."

सगळ्यांनी डोळे मिटले. प्रतापरावांनीही मिटले. पहिलं वाक्य आलं, दुसरं आलं आणि नेहमीप्रमाणे चट्टा आला. या वेळी ते त्याला ओलांडून पुढे जायच्या खटपटीत पडले नाहीत. मला भेव वाटते, त्यांनी मनात म्हटलं, घरच्या बोलीत, कुठलाही चढउतार न देता. मग आवाज गेला तर काय राहील, हे विचारलं. मग सरलाचं काय, ते विचारलं. मग थोडं भांडले. त्यांना त्याची सवय नव्हती, म्हणून शब्द सापडायला वेळ लागत होता.

मंडळी वाट पाहत होती. मूक प्रार्थना संपल्याचं पुढारी आमेन म्हणून सांगतो, आणि पुढारी बोलू शकत नव्हता. तीन मिनिटं झाली. यशवंतरावांनी एक डोळा उघडून पाहिलं, प्रतापरावांचे ओठ घट्ट मिटलेले होते. पाच झाली. एक लेकरू रडायला लागलं आणि बाहेर नेण्यात आलं. आठ झाली. रीनाने आईच्या कानात विचारलं, "मम्मी, खतम कौन करेगा?"

"राहू दे," सरलाबाई म्हणाल्या. "त्यांचं चालू आहे."