कशाच्या दुप्पट?

आमच्या कचेरीत त्या वाक्याला ‘शेपूट’ म्हणतात. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतेही औषध सुरू किंवा बंद करू नये.’ आरोग्याच्या पानावरच्या प्रत्येक लेखाखाली ते असतं, आणि ते पान बारा वर्षं मीच लिहिते, मीच लावते. एकच वाक्य सहाशे वेळा डोळ्यांखालून गेलं की ते दिसेनासं होतं.

त्या गुरुवारी लेख चार ओळी जास्त झाला. रक्तदाबाची एक जुनी गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये डोळ्यांचा एक दुर्मिळ आजार जास्त आढळतो, असं एका संशोधनात निघालं होतं. मी तो मूळ निबंध तक्त्यांसकट वाचला होता. मला आळशी कुणी म्हणणार नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. गोळी न घेणाऱ्या दहा हजार माणसांत एकाला तो आजार होतो, घेणाऱ्या दहा हजारांत दोघांना. हे वाक्य मी लिहिलंही होतं. पण पानाच्या मधोमध गाद्यांच्या दुकानाची जाहिरात होती, आणि जाहिरात कधी अंग चोरत नाही. मग मी आकड्यांचं वाक्य काढलं, शेपूट काढलं, लेख बरोब्बर बसला. वर मथळा दिला, ‘रक्तदाबाच्या जुन्या गोळीने धोका दुप्पट!’ उद्गारचिन्हसुद्धा माझंच.

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. एकाचे दोन म्हणजे दुप्पटच की.

माझा दादा टर्नर होता. चाळीस वर्षं लेथवर काढली. लोखंडाच्या दांड्यावर केसाएवढा फरक पडला तरी त्याच्या बोटांना कळायचा. घरीदारी त्याचा एकच प्रश्न असे, “कशाच्या?” दुकानदार म्हणाला, निम्म्या किमतीत देतो, की हा विचारणार, “कशाच्या निम्म्या?” शाळेत असताना मी एकदा उड्या मारत घरी आले, गणितात दुप्पट मार्क मिळाले म्हणून. आई पेढे आणायला निघालीच होती. दादा म्हणाला, “कशाच्या?” मागच्या खेपेला चार होते. “म्हणजे आठ,” तो म्हणाला, “शंभरात. वा! हार आणा बाईसाहेबांना.” मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

तर हा माझा दादा एकोणीस वर्षं तीच जुनी गोळी घेत होता. तो रक्तदाबाची गोळी घेतो एवढं मला ठाऊक होतं. कुठली, ते मी कधी विचारलं नाही. जगाला आरोग्य शिकवणारी मी, सख्ख्या भावाच्या औषधाचं नाव मला माहीत नव्हतं.

लेख छापून आल्यावर चौथ्या आठवड्यात, दाढी करता करता तो मोरीत कोसळला. पक्षाघात. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. नऊ दिवसांनी त्याला घरी आणलं.

मी भेटायला गेले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात मला म्हणाली, “अगं, यांनी गोळी बंद केली होती. मला पत्ताच नाही. हत्यारांच्या पेटीत तीन पाकिटं सापडली, एक गोळी फोडलेली नाही. आणि अजून घेत नाहीत! पाण्याबरोबर पुढे केली की ओठ घट्ट मिटतात. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर माणूस हाती लागायचा नाही. कुणी डोक्यात भरवून दिलंय देव जाणे.”

मला माझा मथळा आठवला. तरी मी काय म्हणाले? “दादा पहिल्यापासून हट्टीच.” एवढं बोलून मी वहिनीने केलेला चहा प्यायले. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

वहिनी त्याचे कपडे बदलायला गेली आणि मी त्याच्या टेबलावरची फाइल उघडली. दादाला कात्रणांचा नाद. इंजिनांची, पुलांची, हवामानाची. प्रत्येक कात्रणाच्या समासात पेन्सिलीने प्रश्न असायचा, ‘किती टक्के?’, ‘कुणी मोजलं?’, आणि जागोजागी, ‘कशाच्या?’ फाइलचा शेवटचा जाड गठ्ठा माझ्या लेखांचा होता, तारखेवार, कडा पट्टीने कापलेल्या. सगळ्यात वर ते दुप्पट. मी समास पाहिला, मागची बाजू पाहिली, खालचे वीस-पंचवीस लेख उलटले. कुठे एक प्रश्न नाही.

कचेरीत मी संपादकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पण यात चूक काय आहे? आकडा तर बरोबर आहे.” त्यांनी मला फैलावर घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कात्रण घेऊन पुन्हा गेले. दादा बाहेरच्या खोलीत खिडकीशी उशांना टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. वहिनी गोळी आणि पेला घेऊन दारात उभी होती.

“दादा, तू गोळी कशामुळे सोडलीस ते मला माहीत आहे,” मी म्हणाले आणि कात्रण त्याच्यापुढे धरलं. “हे चुकलंय. माझ्यामुळे चुकलंय. दहा हजारांत एकाला होतो तो आजार. गोळी घेतली तर दोघांना. एवढंच ते दुप्पट. आणि गोळी सोडली तर झटक्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. मी लिहिलं होतं रे ते. जागा पुरेना म्हणून काढलं.”

“का पुरेना?” वहिनीने विचारलं.

“जाहिरात होती. गाद्यांची.”

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकून घेतल्या असत्या.

दादाने डावा हात वर करून दोन बोटं दाखवली. “दोन?”

“दोन.”

“दहा… हजारांत?”

“हो.”

त्याच्या तोंडाची एक बाजू हसली. आठ मार्कांच्या वेळी हसला होता तसाच. मला रडू आवरेना. “तू विचारलं का नाहीस रे? सगळ्या दुनियेला विचारत फिरतोस, कशाच्या, कशाच्या. मला एक फोन केला असतास!”

तो बराच वेळ शब्द जुळवत होता. मग एकेक करून म्हणाला, “तू… लिहिलं होतंस… ना.”

वहिनीने पुढे होऊन गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि पेला दुसऱ्या हातात दिला. “तूच दे,” ती म्हणाली.

ही त्याची जुनी गोळी नव्हती. इस्पितळाने बदलून दिलेली नवी होती, रंगाने पिवळी. मी ती त्याच्या ओठांपाशी नेली. दादाने तोंड उघडलं. कुठली, कशाची, किती, काही विचारलं नाही.