सुयोगच्या पाळीची काठी

खंडोबाची काठी सकाळी एकटीच एसटीनं पुण्याला आली आणि तळमजल्यावरच्या हापिसात सुयोग वाघमोडेच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. कंडक्टरनं तिला अर्धं तिकीट लावलं होतं म्हणे.

आज जत्रा. वाघमोड्यांचा पोरगा एकविसाचा झाला की काठी देवळाला न्यायचा मान त्याचा, आणि यंदा पाळी सुयोगची. पण सुयोगनं फोनवर वडिलांना सांगितलं होतं, "आण्णा, आज कायम केल्याचं पत्र मिळणाराय. रजा नाही." आण्णा नुसते "बरं" म्हणाले होते. त्या 'बरं'ला गाव घाबरतं, पण गाढवाला गुळाची चव काय!

अकरापर्यंत काठी वाढत वाढत छत फोडून आठ मजले ओलांडून गच्चीबाहेर गेली. प्रत्येक मजल्यावर तिला नारळ फुटला. हापिसाच्या मुख्य नाडकर्णी मॅडम पत्र घेऊन जिन्यावरून उतरल्या आणि तिसऱ्या पायरीवर थांबल्या.

"सुयोग, हे तुझं आहे?"

काठीमागोमाग गावाहून आलेला भावकीतला जालिंदरकाका दारात टपूनच होता. "नाही म्हण, पोरा. मान आमच्याकडं येतो, तू मोकळा."

त्याच्यामागं आण्णा होते. टोपी हातात, मान खाली. सुयोगनं मॅडमच्या हातातल्या पत्राकडं पाहिलं. पत्र हवं होतं, देवाशप्पथ हवं होतं. पण आण्णांची मान खाली बघवेना.

"माझीच आहे."

"मग बाहेर ने. आणि सहाच्या आत इमारत सोडलीस, तर पत्र फाडते."

"सोडत नाही, मॅडम."

त्यानं कमरेला टाय आवळला, त्यात काठीचं बुड रोवलं आणि "येळकोट!" म्हणून उचललं. इमारत काठीत ओवलेली, तीही उठली. तळाची फरशी तेवढी जागेवर राहिली. सुयोग रस्त्यानं चालू लागला, भोवती भिंती, वर आठ मजले.

"खाली ठेव!" मॅडम ओरडल्या.

"देवळाच्या शिखराला टेकवल्याशिवाय काठी भुईला लावत नाहीत, मॅडम."

"बरोबर आहे," आण्णा म्हणाले. त्यांनी टोपी घातली होती. जालिंदरकाका तोंड वाकडं करून का होईना, पुढं पळत विजेच्या वायरी बांबूनं वर करत होता. घाटात चौथ्या मजल्यावर चहा आला.

सहाला पाच मिनिटं कमी असताना देऊळ आलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं, पायरीवरून वाकून पत्र, पेन पुढं केलं.

"इमारत सोडली नाहीस. कर सही."

सुयोगचे दोन्ही हात काठीला. त्यानं पेन दातात धरलं. तेवढ्यात समोरून आण्णांची आरोळी आली, "वाकव रं माझ्या वाघा! टेकव शिखराला!"

त्यानं काठी वाकवली. आठव्या मजल्यावर चाकांची पहिली खुर्ची खिडकीकडं घरंगळू लागली, माणसासकट.