मधूनच विचारलं तेव्हा

माझ्या मामेभावाला घरातली सगळी मुलं 'लॉर्ड' म्हणत. दोन वर्षांपूर्वी तो इथल्या विद्यापीठात आला आणि विमानतळावरच जीभ बदलून घेतल्यासारखा इंग्रजी बोलू लागला. आता आईला फोन केला तरी तिला निम्मं कळत नसे. मी यंदा आले, तर माझे उच्चार ऐकून तो कान झाकायचा.

कुंड्यांत बिया रुजवण्याच्या माझ्या प्रयोगावर इंग्रजीत तोंडी परीक्षा होती. तीत नापास झाले तर माझी शिष्यवृत्ती बंद, म्हणजे थेट परतीचं विमान. लॉर्डने चार पानं लिहून दिली. एकेक शब्द असा, की तोंडात घेतला तर गाल फुगावा.

"आत्याला शब्द दिलाय मी. समजून घेत बसू नकोस, पाठ कर."

पाठ करणं मला काही नवं नव्हतं. शाळेत अख्खी पुस्तकं आम्ही झुलत झुलत पाठ केली होती.

परीक्षेला कुणीही येऊन बसू शकत होतं. लॉर्ड आपण लिहिलेलं इंग्रजी ऐकायला शेवटच्या रांगेत बसला. मी दोन वाक्यं म्हटली आणि परीक्षक बाईंनी हात वर केला. "आधी कुठलं बी उगवलं?"

सहा आठवडे मीच त्या कुंड्यांपाशी बसले होते. उत्तर मला ठाऊक होतं. पण पाठांतराला मधलं दार नसतं. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. बाईंनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा पहिल्या ओळीवर. कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे कुणी लिहिलंय?"

मी मागे पाहिलं. लॉर्ड हसला. "नवीन मुलांचं असंच असतं, मॅडम. नुसती घोकंपट्टी."

किती स्वच्छ उच्चार होते त्याचे! त्या क्षणी माझी भीती गेली आणि तिच्या जागी किळस आली. मी पानं उलटी ठेवली.

"काळ्या कुंडीतलं," मी म्हणाले. माझी क्रियापदं लंगडत होती. "नवव्या दिवशी. मान वाकवून आलं, झोपेतून उठल्यासारखं. बाकीची कुजली. माया म्हणून मी पाणी जास्त घातलं."

बाईंनी पेन उचललं. आणखी सात प्रश्न विचारले. मी काठावर पास झाले.

संध्याकाळी लॉर्ड स्वयंपाकघरात आला. "वाचलीस थोडक्यात. पुढच्या खेपेला नीट लिहून देतो."

"पुढच्या खेपेला पुढे बस, दादा," मी म्हणाले. "मागून तुला ऐकू येत नाही. कुणी लिहिलं, असं विचारलं होतं बाईंनी."